रेडिंगचा सिंह, सॅलिसबरीचा बॉबी : बर्कशायरच्या पलटणीच्या मागावर

ताई रेडिंगला राहायला गेल्यापासून "ये एकदा" चाललंच होतं. यंदा मे अखेरीस जमलं. लंडनचं काय बघायचं याची यादी दाजींनी आधीच करून ठेवली होती. माझी यादी मात्र वेगळी होती, आणि ती ऐकून भाची म्हणाली, "मामा, तू इतक्या लांबून एक सिंह आणि एक पेंढा भरलेला कुत्रा बघायला आलायस?" थोडक्यात सांगायचं तर हो.

मी खडकीत वाढलो. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी अभियंत्यांचं मुख्यालय आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं. त्यांच्या लढायांच्या यादीत अफगाणिस्तान येतं, आणि अफगाणिस्तान आलं की १८८० सालच्या मैवंदच्या लढाईचं नाव येतंच. त्या लढाईत मुंबई इलाख्याच्या फौजेबरोबर एकच गोरी पायदळ पलटण होती, ६६वी बर्कशायर. तिचं गाव म्हणजे बर्कशायर परगण्यातलं (काउंटीतलं) ताईचं रेडिंग. तेव्हा लंडनला एक दिवस दिला आणि बाकीचे दिवस या पलटणीच्या नावे केले.

(हीथ्रोवर उतरून रेडिंगला जायचं असेल तर लंडनमध्ये शिरू नका. विमानतळावरून रेलएअरची बस थेट रेडिंग स्टेशनला आणून सोडते. सामान असेल तर तीच बरी.)

शनिवार : फोर्बरी गार्डन्स

स्टेशनवरून रमतगमत निघालं तरी दहा मिनिटांत फोर्बरी बाग येते. पलीकडे ११२१ मध्ये पहिल्या हेन्रीने बांधलेल्या मठाचे अवशेष, अलीकडे फुलांचे वाफे, आणि मधोमध चौथऱ्यावर हा प्रचंड काळा सिंह. ओतीव लोखंडाचा, वजन १६ टन. फोटोत त्याचा आकार कळत नाही. तोंड उघडं, मान वळलेली, चालता चालता गुरगुरतोय असा. खाली हिरवळीवर पोरं आइस्क्रीम खात बसलेली आणि वर हे धूड. बाग इतकी प्रसन्न आहे की हा सिंह कशासाठी उभा आहे हे लक्षात यायला जवळ जाऊन पाट्या वाचाव्या लागतात.

चौथऱ्याच्या चारी बाजूंना नावं आहेत. ११ अधिकारी आणि ३१८ जवान, १८७९-८० च्या अफगाण मोहिमेत गिरिश्क, मैवंद आणि कंदाहारला मेलेले. अधिकाऱ्यांबरोबर साध्या शिपायांचीही नावं. हे मला विशेष वाटलं, कारण आपल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पहिल्या अफगाण युद्धातल्या अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत, आणि शिपायांबद्दल 'संख्येने इतके की नावं लिहिता येत नाहीत' अशा अर्थाचं एक वाक्य. रेडिंगकरांनी मात्र जागा काढली.

बाकावर एक आजोबा बसले होते, टोपी, काठी, शेजारी सँडविचचा डबा. आम्ही पाट्या वाचतोय बघून त्यांनी आपणहून गोष्ट सुरू केली. "सिंहाचे पाय बघितलेत? एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे. खरा सिंह असा चालला तर कोलमडेल. चूक कळली तेव्हा शिल्पकाराने जीव दिला." भाचीने तिथल्या तिथे फोनवर शोधलं. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स हा रेडिंगच्या दारू गाळणाऱ्या बड्या घराण्यातला. सिंह १८८६ मध्ये उभा राहिला आणि सायमंड्स १९२९ पर्यंत छान जगला, पुढे घरच्या ब्रुअरीचा अध्यक्षही झाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला हातावर ससाणा घेतलेला पुतळाही त्याचाच. आजोबांना हे सांगितल्यावर ते मुळीच वरमले नाहीत. "माझे आजोबा हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यात होते. त्यांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं." विषय संपला. त्या कारखान्यामुळेच बर्कशायरच्या पलटणीला 'बिस्किट बॉइज' म्हणत, ही भर मात्र त्यांनी घातली, आणि ती खरी आहे.

आता लढाईबद्दल, कारण त्याशिवाय हा सिंह नुसता शोभेचा राहतो. २७ जुलै १८८०. हेरातहून कंदाहारकडे निघालेल्या अफगाण सरदार अयुब खानाला अडवायला ब्रिगेडियर जनरल बरोज सुमारे अडीच हजारांची तुकडी घेऊन मैवंदजवळ पोचला. समोर कित्येक पटींनी मोठी फौज आणि जास्त तोफा. उघडं, तापलेलं माळरान, पाण्याचा पत्ता नाही. उजवीकडे जमिनीच्या जराशा उतारात ६६वी, त्यांच्या डावीकडे उघड्यावर १ली बॉम्बे ग्रेनेडियर्स, आणि डाव्या टोकाला ३०वी बॉम्बे इन्फंट्री म्हणजे जेकब्स रायफल्स. तासन् तास तोफांचा मारा सोसल्यावर दुपारी डावं टोक फुटलं. तिथून पळ सुटला तो ग्रेनेडियर्सवर, आणि दोन्हींचा लोंढा ६६व्यावर. पलटणीचा कर्नल गॅलब्रेथ निशाण हातात धरून पडला. काहींनी खिग गावच्या बागांच्या मातीच्या भिंतींआड ठाण मांडलं. शेवटच्या बागेत अकराजण उरले, ते बाहेर येऊन लढत मेले. ही हकिकत इंग्रजांना सांगितली ती अयुब खानाच्या तोफखान्यातल्या एका अफगाण अधिकाऱ्याने. सिंहाच्या चौथऱ्यावरचं कौतुक भरगच्च आहे, पण त्याचा मूळ साक्षीदार शत्रूपक्षाचा, हे तिथे लिहिलेलं नाही.

त्या बागांपर्यंत फक्त बर्कशायरवालेच पोचले होते असं नाही. बॉम्बे सॅपर्सचा लेफ्टनंट हेन आणि त्याचे काही सॅपर तिथेच पडले, ग्रेनेडियर्सचेही काही. पलटणवार आकडे बघितले तर ६६वीचे मेले २८६, ग्रेनेडियर्सचे ३६६, जेकब्स रायफल्सचे २४१. म्हणजे सगळ्यात मोठा घाव ग्रेनेडियर्सना बसला. बॉम्बे आर्मीत तेव्हा जातवार कंपन्या नसत. मराठे, महार, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानी), मुसलमान एकाच कंपनीत खांद्याला खांदा लावून असत. त्यातलं एकही नाव रेडिंगला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. हा एका परगण्याने आपल्या पलटणीसाठी उभारलेला दगड आणि लोखंड आहे. आपल्या माणसांची नावं आपणच लिहायची असतात.

भाचीचा प्रश्न वेगळाच होता: "डॉक्टर वॉटसन इथलेच ना?" तिचं बरोबर होतं. शेरलॉक होम्सचे वॉटसन मैवंदला जखमी झाले ते याच ६६व्या बर्कशायरला जोडलेले डॉक्टर म्हणून. शाळेत तिच्या वर्गात कुणाला मैवंद माहीत नाही, पण वॉटसन सगळ्यांना माहीत.

बागेत जायला तिकीट नाही. पाट्या उन्हात नीट वाचता येतात, ढगाळ दिवशी काळ्यावर काळं होतं. जवळच टाउन हॉलमध्ये रेडिंग म्युझियम आहे. तिथे बायू टेपेस्ट्रीची, म्हणजे इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या मध्ययुगीन भरतकामाच्या पट्ट्याची, १८८५-८६ मध्ये बायकांनी भरतकामाने केलेली अख्खी प्रतिकृती बघता येते. आम्ही सिंहापाशी इतका वेळ काढला की ती पळत पळत बघितली. तुम्ही तसं करू नका.

रविवार : ऑक्सफर्ड रोड

ताईच्या घराजवळून १७ नंबरची जांभळी बस गावातून पार ऑक्सफर्ड रोडला जाते. कार्ड टेकवायचं की झालं. हा रस्ता म्हणजे रेडिंगचा खरा बाजार. पोलिश किराणा, कॅरिबियन केशकर्तनालय, हलाल खाटीक, आणि ताईचा लाडका एक दुकानदार ज्याच्याकडे ज्वारीचं पीठ, चिंच, ओलं खोबरं, एवढंच काय तर कोकमही मिळतं. दाजी म्हणाले, "कोकम बघूनच आम्ही रेडिंगला घर घेतलं." दाजींचं असंच असतं.

या रस्त्यावरच ब्रॉक बॅरक्स आहे. लाल विटांचा, किल्ल्याच्या बुरुजासारखा दरवाजा, आजूबाजूला साधी चाळवजा घरं. १८७० च्या दशकात ब्रिटिश सरकारने ठरवलं की प्रत्येक पलटणीला एक परगणा द्यायचा, तिथे डेपो बांधायचा, तिथूनच भरती करायची. त्या बेताने १८७७ ते ८१ मध्ये ही छावणी झाली. मग १८८१ मध्ये ४९वी आणि ६६वी या दोन जुन्या पलटणी एकत्र बांधल्या आणि नाव दिलं प्रिन्सेस शार्लट ऑफ वेल्सेस (बर्कशायर रेजिमेंट). मैवंदला जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि ६६ हा आकडा कागदावरून गेला.

गंमत म्हणजे यातली ४९वी बर्कशायरची नव्हतीच. ती उभी राहिली १७४० च्या दशकात जमैकात, तिथला गव्हर्नर एडवर्ड ट्रेलॉनी याच्या हाताखाली, आणि १७८२ मध्ये परगण्यांची नावं वाटली तेव्हा हिच्या वाट्याला हर्टफर्डशायर आलं. ६६वीला बर्कशायर मिळालं तेही तेव्हाच, वरून आलेल्या हुकमाने. शिपाई कुठूनही येत, आयर्लंड, लंडन, जिथे पलटण मुक्कामाला असेल तिथून. सिंहावरची आडनावं वाचताना हे जाणवतंच. पहिल्या अफूच्या युद्धातून ४९वीने चिनी ड्रॅगनचा बिल्ला आणला आणि शेवटपर्यंत बर्कशायरच्या टोपीवर तो ड्रॅगनच राहिला. म्हणजे जमैकात जन्म, हर्टफर्डशायरचं नाव, चीनचा बिल्ला, आणि घर म्हणे बर्कशायर!

छावणीला नाव ज्याचं आहे तो आयझॅक ब्रॉक ४९वीचाच. १८१२ मध्ये कॅनडात क्वीन्स्टन हाइट्सच्या चढावर अमेरिकनांशी लढताना तो मेला. कॅनडात त्याच्या नावाने गाव आहे, विद्यापीठ आहे. रेडिंगमध्ये मी तिघांना विचारलं. दोघे म्हणाले बसथांब्याचं नाव आहे.

आत जाता येत नाही, अजून लष्कराच्या राखीव दलाचा वापर आहे. बाहेरून रस्त्यावरून फोटो काढला तर कुणी हटकलं नाही, पण फाटकाशी घुटमळू नये.

तिथून परतताना एका अफगाण भट्टीसमोर रांग दिसली. काचेआड तरुण पोरगा पीठ लांबवून, बोटांनी रेघा ओढून, गादीवर थापून तंदुरात चिकटवत होता. हातभर लांबीचा नान, वर काळे तीळ. भाची भुकेली, म्हणून आम्ही रांगेत. नंबर आल्यावर मोडक्या उर्दूत गप्पा सुरू झाल्या. तो कंदाहारकडचा निघाला. मी म्हटलं, "मैवंद?" हात थांबवून त्याने वर बघितलं. "मैवंद तो हमारा है. आप को कैसे मालूम?" मग मागच्या माणसाला पश्तूत काहीतरी सांगितलं, दोघे हसले. त्याच्या लेखी ही पराभवाची नाही, देशाच्या सगळ्यात मोठ्या विजयाची जागा. काबूलमध्ये मैवंदच्या नावाचा हमरस्ता आहे. आणि मलालई: लढाई हातची जातेय असं दिसल्यावर ओढणीचं निशाण करून पळणाऱ्यांना फिरवणारी पश्तून मुलगी, जी तिथेच मेली अशी कथा आहे. मलाला युसुफझाईचं नाव तिच्यावरून ठेवलेलं. "बागेतला सिंह बघितलास का?" मी विचारलं. बघितलाय म्हणाला, दुपारी जेवायला तिथेच बसतो. "मगर वह शेर किस का है, यह मालूम नहीं था." एवढ्यात मागच्या बाईंनी घसा खाकरला आणि त्याने विचारलं, नान किती देऊ. चार घेतले, बसमध्येच एक संपला. ताईने रात्री त्याबरोबर भरली वांगी केली. या जोडीची शिफारस करतो.

सोमवार

बँक हॉलिडे. दिवसभर पाऊस, वर गार वारा, मे महिना असून घरात हीटर. थालीपीठ, लोणी, पत्ते. संध्याकाळी साडेआठला अचानक लख्ख ऊन पडलं आणि दाजींनी सगळ्यांना केनेट नदीकाठी चालायला नेलं. मे-जूनमध्ये जाणार असाल तर स्वेटर आणि छत्री दोन्ही हवं, आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो हे धरून बेत करा.

मंगळवार : कोलीच्या टेकडीवरचं दप्तरखाना

भाची अर्थातच आली नाही. बर्कशायरचं अभिलेखागार गावाजवळच कोली अव्हेन्यूवर आहे. तिथे जाऊन मला मिलिशियाचे कागद बघायचे होते. आधी वेळ ठरवावी लागते, ओळखपत्र लागतं, आणि आत फक्त पेन्सिल. माझं बॉलपेन काउंटरवरच्या बाईंनी हसतमुखाने जप्त केलं आणि टोक केलेली पेन्सिल हातात दिली. पुण्याच्या पेशवे दप्तराची सवय असणाऱ्यांना हे वातावरण परकं वाटणार नाही, फक्त इथे चहावाला नाही.

मिलिशिया म्हणजे परगण्याची आपली फौज, आपल्याकडच्या गडावरच्या शिबंदीसारखी. १७५७ मध्ये, सात वर्षांचं युद्ध चालू असताना फ्रेंच चढाईच्या भीतीने पार्लमेंटने कायदा केला. प्रत्येक परगण्याने ठरलेली माणसं द्यायची. गावचा कॉन्स्टेबल १८ ते ५० वयाच्या पुरुषांची यादी करणार, चिठ्ठ्या टाकणार, ज्याचं नाव निघेल त्याने तीन वर्षं चाकरी करायची, नाहीतर दहा पौंड भरायचे किंवा बदली माणूस द्यायचा. दहा पौंड ही तेव्हा शेतमजुराची कित्येक महिन्यांची कमाई. म्हणजे बडे पैसे मोजून सुटत आणि गरीब कवायतीला जात. परदेशात पाठवणार नाही हे कायद्यात होतं, पण लोकांचा विश्वास बसेना. उत्तरेकडे ठिकठिकाणी दंगली झाल्या, याद्या फाडल्या गेल्या.

मी एका खेड्याच्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराचं पुडकं मागवलं. अपेक्षा होती तलवारी-बंदुकांची. निघाले ते बायकामुलांच्या पोटगीचे कागद. चिठ्ठीत नाव निघालेला माणूस दूरच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला गेला की मागे राहिलेल्या कुटुंबाला आठवड्याला काही शिलिंग पॅरिशने द्यायचे. छापील मजकूर, मध्ये रिकाम्या जागा, त्यात तपकिरी शाईने बाईचं नाव, मुलं किती, वयं काय. त्यातही बदली माणसाचं कुटुंब दुसऱ्या गावचं असेल तर पैसे कोणत्या गावाने द्यायचे यावरून दोन पॅरिशमध्ये पत्रव्यवहार. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्यातल्या कागदोपत्री लढाया पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

इथे बसल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. खरी बर्कशायरची फौज होती ती ही, मिलिशिया. इथली माणसं, इथल्या खेड्यांच्या यादीतून, इथल्या करातून पोसलेली. ४९वी-६६वीला बर्कशायरचं फक्त नाव होतं. १८५२ नंतर चिठ्ठ्या बंद होऊन मिलिशिया ऐच्छिक झाली, वर्षातले काही आठवडे कवायत आणि हातात बक्षिसी. शेतमजूर, कारखान्यातली पोरं यात येत आणि त्यातली काही पुढे पक्क्या पलटणीत जात. १८८१ च्या जुळणीत रॉयल बर्कशायर मिलिशिया नव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. पण तेव्हा 'रॉयल' होती ती मिलिशियाच. मोठ्या रेजिमेंटला 'रॉयल' किताब मिळाला चार वर्षांनी, सुदानमध्ये टोफ्रेकला. २२ मार्च १८८५ ला काटेरी कुंपण घालायचं काम चालू असताना अचानक हल्ला झाला आणि बर्कशायरवाले जागचे हलले नाहीत. तिथेही त्यांच्या जोडीला २८वी बॉम्बे इन्फंट्री होती. मुंबई इलाखा आणि बर्कशायर यांच्या गाठी अशा पुन्हा पुन्हा पडत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात तर २० एप्रिल १९४४ ला कोहिमाच्या वेढ्यातल्या थकलेल्या फौजेची सुटका करून त्यांची जागा घेतली ती १ल्या रॉयल बर्कशायरनेच.

१९०८ मध्ये जुनी मिलिशिया मोडून तिचं स्पेशल रिझर्व्ह, म्हणजे राखीव दल केलं. मग पहिल्या महायुद्धात तिसऱ्या बटालियनचं काम उरलं माणसं तयार करून आघाडीवर पाठवत राहायचं. त्या माणसांच्या नावांचे दगड मात्र प्रत्येक खेड्याच्या चर्चसमोर आहेत.

गुरुवार : सॅलिसबरी

रेडिंगहून बेसिंगस्टोकला गाडी बदलून सॅलिसबरी, साधारण दीड तास. तिघे किंवा जास्त मोठी माणसं असाल तर ग्रुपसेव्ह तिकीट मागा, गर्दीची वेळ टाळली की तिसरा हिस्सा वाचतो. ताईने पोळी-भाजीचे रोल बांधून दिले होते. डब्यात कांद्याचा वास सुटला तसा समोरचा माणूस पेपरआडून दोनदा डोकावला. तिसऱ्यांदा भाचीने त्याला विचारलंच, आणि त्याने लगेच घेतला.

सॅलिसबरीला सगळे जातात ते १२३ मीटर उंच मनोऱ्याच्या कॅथीड्रलसाठी आणि तिथल्या मॅग्ना कार्टा या जुन्या सनदेसाठी. दोन्ही बघा, पैसे वसूल आहेत. पण कॅथीड्रलच्या आवारातच, ५८ नंबरला, 'द वॉर्डरोब' नावाची इमारत आहे, मूळची तेराव्या शतकातली, बिशपचं सामान ठेवायची. तिथे बर्कशायर आणि विल्टशायर पलटणींचं संग्रहालय आहे. हिवाळ्यात बंद असतं, एरवीही वार बघूनच निघा.

बॉबी एका काचेच्या पेटीत आहे. छोटासा, पांढरट, कान टवकारलेला गावठी कुत्रा, गळ्यात १८७८-८० चं अफगाण पदक, हिरव्या फितीला लाल कडा. ६६व्यातल्या सार्जंट केलीचा हा कुत्रा. मैवंदला शेवटच्या बागेपर्यंत सैनिकांबरोबर होता, जखमी झाला, आणि उलट्या पावली पळणाऱ्या फौजेचा माग काढत कंदाहारच्या वाटेवर येऊन मिळाला. ती वाट सत्तर किलोमीटरच्या आसपास, जुलैचा उन्हाळा, पाण्यासाठी माणसं वेडीपिशी झालेली. जखमी केलीही वाचला होता. ऑगस्ट १८८१ मध्ये ऑसबॉर्न हाउसला व्हिक्टोरिया राणीने मैवंदहून वाचलेल्यांना पदकं दिली तेव्हा बॉबीलाही दिलं. आणि पुढच्याच वर्षी गॉस्पोर्टला घोडागाडीखाली येऊन तो मेला. भाची, जी शनिवारपासून पेंढ्याच्या कुत्र्यावरून माझी टर उडवत होती, ती पेटीसमोर बराच वेळ होती. तिने पाहिलं की पाठीवर जखमेच्या जागी केस विरळ आहेत. मला ते दिसलं नाही, तिला दिसलं.

एक स्वयंसेवक काका पलटणीतूनच निवृत्त झालेले. कोटाला बिल्ला, मिशा टोकदार. त्यांनी पुढची वंशावळ एका दमात सांगितली. १९५९ मध्ये बर्कशायर आणि विल्टशायर एक झाले, १९९४ मध्ये त्यांत ग्लॉस्टरशायर मिसळलं, २००७ मध्ये सगळ्यांची मिळून 'द रायफल्स'. "मी भरती झालो तेव्हा परगण्याचं नाव होतं. माझा मुलगा भरती झाला तेव्हा नुसती बंदूक." मी मिलिशियाचा विषय काढला तर खूश झाले, म्हणाले, इथे सगळे बॉबीला भेटून जातात, त्या कपाटापर्यंत कुणी येत नाही. विल्टशायरच्या बाजूचीही एक परंपरा त्यांनी सांगितली: १८४५ मध्ये पंजाबातल्या फिरोजशाहच्या लढाईत ६२व्या (विल्टशायर) पलटणीचे बहुतेक अधिकारी पडले आणि पलटण सार्जंटांनी चालवली, म्हणून दरवर्षी २१ डिसेंबरला निशाणं एका दिवसासाठी सार्जंटांच्या हाती देत.

मग त्यांनी मला विचारलं, ग्रेनेडियर्सचं पुढे काय झालं? मला ठाऊक होतं ते सांगितलं. ग्रेनेडियर्स आज भारतीय सैन्याची मानाची रेजिमेंट आहे, बॉम्बे सॅपर्स खडकीत आहेत, आणि जेकब्स रायफल्स बलुच पलटणींतून पाकिस्तानच्या वाट्याला गेली. मैवंदच्या त्या एका ओळीतल्या तीन पलटणी आज तीन देशांत. काकांनी वही काढली, स्पेलिंग विचारून 'खडकी' लिहून घेतलं, आणि पुढच्या शाळेच्या सहलीला सांगीन म्हणाले.

मागे बाग आहे, थेट नदीपर्यंत उतरते, पलीकडे ओली कुरणं. पाऊस नुकताच थांबला होता. तिथल्या चहाच्या खोलीत स्कोन घेतले. आधी जॅम की आधी क्रीम यावर शेजारच्या टेबलावर दोन आजींचा गंभीर वाद चालला होता. दाजींनी त्यात तोंड घातलं आणि दोघींनी मिळून त्यांनाच झापलं.

तुम्ही जाणार असाल तर माझ्या उलट क्रमाने करा. आधी सॅलिसबरीचा दिवस ठेवा, तिथे लढाईचा नकाशा, शेवटच्या अकरांचं चित्र आणि बॉबी बघून घ्या, आणि मग रेडिंगला सिंहाकडे जा. म्हणजे चौथऱ्यावरच्या कर्नल गॅलब्रेथच्या नावापाशी थांबाल तेव्हा तो कुठे, कसा पडला हे माहीत असेल. भट्टी ऑक्सफर्ड रोडवर छावणीकडून गावाकडे येताना डाव्या हाताला आहे. नान गरम हवा असेल तर बाराच्या आत गाठा.